सार्जंटचं पुस्तक विकत घेण्याआधी कोणती पानं उघडावीत

जॉन सिंगर सार्जंट या व्यक्तिचित्रकारावरचं पुस्तक हातात आलं की प्रस्तावना नंतर वाचावी. आधी 'मादाम एक्स' या त्याच्या व्यक्तिचित्राचं पान काढावं आणि तिच्या काळ्या गाऊनकडे बघावं. चांगल्या छपाईत कमरेवरची चोळी आणि खालचा घेर हे दोन वेगळे काळे दिसतात. चोळीचं टोक घेरावर जिथे उतरतं ती कड सापडते, घेराच्या चुण्यांवरून उजेड घसरत गेलेला कळतो. वाईट छपाईत तिथे कात्रीने कापून चिकटवलेला काळा कागद दिसतो. असं दिसलं तर उरलेल्या दोनशे चित्रांचीही तीच गत असणार, असं समजायला हरकत नाही.

सार्जंटच्या बाबतीत काळ्याला एवढं महत्त्व देण्याचं कारण त्याच्या शिक्षणात आहे. १८७४ साली तो पॅरिसमध्ये चित्रकार कॅरोलस-द्युराँच्या स्टुडिओत दाखल झाला. तिथे सतराव्या शतकातला स्पॅनिश चित्रकार वेलाझ्केझ हा आदर्श होता. रेखाटनावर महिनोन्‌महिने घालवण्यापेक्षा थेट रंगाने, उजेड-अंधाराच्या पायऱ्या बरोबर पकडत चित्र उभं करायचं, ही तिथली शिकवण. १८७९ मध्ये सार्जंटने माद्रिदला प्रादो संग्रहालयात जाऊन वेलाझ्केझच्या प्रतिकृती केल्या. त्याचं सगळं कौशल्य या पायऱ्यांमध्ये आहे. नाकाच्या बाजूची सावली गालापेक्षा किती गडद आणि तीच सावली मागच्या भिंतीपेक्षा किती उजळ, यावर त्याचा चेहरा उभा राहतो. छपाईत या पायऱ्या सपाट झाल्या की उरतं ते एका श्रीमंत बाईचं छानसं चित्र. सार्जंट त्यातून निघून जातो.

काळा का बिघडतो ते समजून घेतलं तर तो ओळखणं सोपं जातं. ऑफसेट छपाईत सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा अशा चार शाया एकावर एक बसतात. नुसती काळी शाई कागदावर पातळ, करडी दिसते. खोली येण्यासाठी तिच्याखाली बाकीच्या तीन शायांचा थर लागतो. पण चारही शायांची बेरीज (एकेक शाई जास्तीत जास्त १०० टक्के) कोटेड, म्हणजे गुळगुळीत लेप दिलेल्या कागदावर साधारण ३०० टक्क्यांच्या वर गेली की शाई नीट वाळत नाही आणि समोरच्या पानाला लागते. म्हणून छापणारा हात आखडता घेतो. शिवाय छटा लहानमोठ्या ठिपक्यांनी छापतात, आणि शाईचा ठिपका कागदावर थोडा पसरतोच. चित्राच्या डिजिटल फाइलमध्ये ८५ टक्के असलेला ठिपका पसरून जवळजवळ भरून जातो, आणि ८५ ते १०० टक्क्यांमधल्या सगळ्या छटा एकच होतात. सार्जंटचे गाऊन, कोट, मागचे पडदे नेमके याच पट्ट्यात असतात.

दुसरी परीक्षा 'एडवर्ड डार्ली बॉइट यांच्या मुली' या १८८२ च्या चित्राची. मूळ चित्र बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे. चार बहिणी आहेत: धाकटी ज्युलिया गालिच्यावर बाहुली घेऊन बसलेली, मेरी लुइझा डावीकडे एकटी उभी, आणि फ्लॉरेन्स व जेन या दोन मोठ्या मागे अंधाराच्या तोंडाशी. फ्लॉरेन्स उंच जपानी फुलदाणीला टेकली आहे आणि तिचा चेहरा एका बाजूने, सावलीत दिसतो. या सावलीतल्या चेहऱ्याचा काठ दिसतो का, हे बघा. मग तिच्या मागच्या खोलीत आरशावर पडलेला मंद उजेड दिसतो का ते बघा. काही पुस्तकांत हा अंधार 'वाचता यावा' म्हणून फाइलमध्येच उजळलेला असतो. तेव्हा मागची खोली करडी, धुकट होते आणि पुढच्या मुलींचे पांढरे एप्रन फिके पडतात. अंधार अंधार राहून त्यातलं दिसायला हवं. माझ्या मते या एका पानावर पुस्तकाच्या निर्मितीमागची माणसं किती जाणकार होती ते कळतं.

पांढऱ्यासाठी १८८० चं 'फ्युमे दाम्ब्र ग्री' काढा. पांढऱ्या कमानीखाली, पांढऱ्या भिंतीपुढे, पांढऱ्या वस्त्रातली स्त्री धुपाच्या धुरावर पदर धरून उभी आहे. मूळ चित्र अमेरिकेत विल्यम्सटाउनच्या क्लार्क संस्थेत आहे. इथे भिंतीचा पांढरा, वस्त्राचा पांढरा आणि धुराचा पांढरा असे निदान तीन तरी वेगळे ओळखू आले पाहिजेत. एक उबदार, एक निळसर, एक जवळजवळ करडा. बारीक तपासणीसाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि सगळ्यात उजळ जागेवर धरा. तिथेही तीन ते पाच टक्क्यांचे बारके ठिपके असायला हवेत. मोठ्या भागात ठिपकेच नसतील, नुसता कोरा कागद असेल, तर तिथला रंग फाइलमध्येच उडालेला आहे. कोरा कागद फक्त चमकेच्या एखाद्या टोकाला चालतो. उदाहरणार्थ मादाम एक्सच्या केसांतल्या चंद्रकोरीच्या दागिन्यावर.

कागदाचा स्वतःचा रंगही इथे लुडबूड करतो. खूप शुभ्र दिसणाऱ्या कागदात निळसर चमक आणणारी द्रव्यं घातलेली असतात, त्यामुळे सार्जंटचे उबदार पांढरे थंड पडतात. उलट दुधट पिवळ्या कागदावर सगळं चित्र जुनं वार्निश चढल्यासारखं दिसतं. पानाच्या कोऱ्या समासाशेजारी चित्र ठेवून बघितलं की हे लगेच लक्षात येतं.

लाल रंगासाठी 'डॉ. पॉझी ॲट होम'. १८८१ चं हे चित्र लॉस एंजेलिसच्या हॅमर संग्रहालयात आहे. लाल पायघोळ गाऊन, मागे गडद लाल पडदा, त्यात गळ्याशी आणि मनगटाशी डोकावणारं पांढरं कापड आणि लांब बोटांचे दोन हात. चार शायांच्या छपाईला झगझगीत लाल झेपत नाही. मॅजेंटा आणि पिवळा दोन्ही शंभर टक्क्यांना भिडले की पुढे जायला जागाच नसते, आणि गाऊनमधले सात-आठ लाल एकमेकांत मिसळून जातात. गाऊन पडद्यापासून सुटा दिसत असेल आणि बाहीच्या घड्या मोजता येत असतील तर छपाईवर मेहनत घेतलेली आहे. काही पुस्तकांत हा लाल नारिंगीकडे झुकतो, काहींत जांभळटाकडे. थोडं झुकणं मी माफ करेन, पण घड्या गेलेल्या चालणार नाहीत.

त्वचेबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण व्यक्तिचित्रांच्या पुस्तकात सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते. चेहरे 'निरोगी' दिसावेत म्हणून मॅजेंटा आणि पिवळा वाढवलेला असतो. मादाम एक्सचा वर्ण मुळात फिकट, जांभळट, पावडर लावलेला आहे. सार्जंटने स्वतः एका पत्रात अशा रंगाला लव्हेंडरची आणि टिपकागदाची उपमा दिली होती. त्या फिकट चेहऱ्यालगत कान मात्र गुलाबी-लालसर आहे. तो कान म्हणजे पावडरीखालचा खरा माणूस! पुस्तकात चेहराच गुलाबी झाला असेल तर कानाचा अर्थ संपला. चेहरा आणि कान यांतला फरक बघायचा, एकट्या चेहऱ्याचा रंग नाही. ही सवय सगळ्या चित्रांना लावता येते: ओठ आणि गाल, कपाळ आणि नाकाचा शेंडा, हात आणि चेहरा. संग्रहालयाच्या दिव्याखाली, पडद्यावर आणि कागदावर रंग थोडे बदलतीलच, पण रंगांचं आपसातलं नातं बदलू नये.

पुस्तकातली झाडून सगळी चित्रं एकाच रंगाकडे झुकलेली असतील, समजा सगळीच मॅजेंटाकडे, तर दोष चित्रांचा नाही. जुन्या पुस्तकांत मोठ्या आकाराच्या पारदर्शिकांवरून, म्हणजे चित्राच्या रंगीत फिल्मवरून, चार शायांसाठी रंगविभाजन करत. त्या पारदर्शिकांचे रंग काळाने उतरतात आणि सगळ्या संचावर एकच झाक चढते. नव्या पुस्तकात हेच दिसलं तर छापखान्यात शाईचा समतोल बिघडलेला असतो. उलट शेजारशेजारची चित्रं मनमानी वेगळ्या झाकांची असतील, एक पिवळट, दुसरं निळं, तर फाइली ठिकठिकाणांहून गोळा केलेल्या आहेत आणि त्या सारख्या करायला कोणी बसलेलं नाही.

'कार्नेशन, लिली, लिली, रोझ' हे काही मागवून काढलेलं व्यक्तिचित्र नव्हे, पण तेही तपासा. इंग्लंडमधल्या ब्रॉडवे गावी १८८५ आणि १८८६ अशा दोन शरद ऋतूंत, रोज संध्याकाळी हवा तसा प्रकाश मिळे तेवढी काही मिनिटंच काम करून ते पुरं झालं. मावळतीचा जांभळट उजेड आणि कागदी कंदिलांचा उबदार पिवळा यांच्या तोलावर ते चित्र उभं आहे. पानांचा हिरवा तजेलदार छापला की दुपार होते, आणि मग कंदील लावायचं कारणच उरत नाही.

आता आकार. इथे थोडं गणित करावं लागतं, पण ते फार उपयोगाचं आहे. 'मादाम एक्स' २०८.६ सेंटीमीटर उंच आणि १०९.९ रुंद आहे. पुस्तकात ती २६ सेंटीमीटर उंच छापली तर साधारण एकास आठ हे प्रमाण झालं. 'डॉ. पॉझी' २०१.६ सेंटीमीटर उंच, म्हणजे तिथेही जवळपास तेवढंच. प्रत्यक्षात तीन सेंटीमीटर रुंद असलेला डोळा पुस्तकात चार मिलिमीटरहूनही कमी भरतो. चांगल्या कलापुस्तकाची स्क्रीन, म्हणजे ठिपक्यांची जाळी, इंचाला १७५ ओळींची धरली तर त्या डोळ्याच्या रुंदीत जेमतेम २६ ठिपके बसतात. १३३ ओळींच्या छपाईत विसाच्या आसपास. एवढ्या ठिपक्यांत पापणी, बुबुळ आणि त्यातली चमक सगळं सांगायचं असतं! म्हणून सार्जंटच्या पूर्णाकृती चित्रांना डोक्याचं आणि हातांचं वेगळं, मोठं चित्र दिल्याशिवाय पुस्तक पुरं होत नाही. दोनशे चित्रं एकेकदा छापणाऱ्या पुस्तकापेक्षा ऐंशी चित्रं आणि चाळीस तपशील देणारं पुस्तक मी कधीही आधी उचलेन.

पण तपशील खरा आहे का, हे बघायला लागतं. सार्जंट कॅनव्हास माणसाच्या शेजारी ठेवायचा, दूर जाऊन दोघांना एकत्र बघायचा आणि मग पुढे येऊन भरलेल्या ब्रशचा एक फटकारा मारायचा. जवळून त्याचे फटकारे नुसते रंगाचे लोळ असतात, लांबून ते रेशीम होतात. तपशिलात ब्रशच्या केसांच्या रेघा, फटकाऱ्याच्या काठावर साचलेला रंग, कॅनव्हासची वीण हे दिसलं पाहिजे. मूळ आकारात तपशील छापायचा तर इंचाला ३०० पिक्सेल लागतात. 'मादाम एक्स'ची पूर्ण फाइल त्या हिशेबाने उंचीला २४,६०० पिक्सेलच्या पुढे जाते. प्रकाशकाकडे ६,००० पिक्सेलची फाइल असेल तर मूळ आकारातल्या तपशिलाला इंचाला ७३ पिक्सेल मिळतात. मग ते झाकायला फाइल कृत्रिमपणे धारदार केली जाते. त्याची खूण म्हणजे गालाच्या आणि खांद्याच्या कडेला धावणारी बारीक पांढरी रेघ. ती दिसली की तो तपशील म्हणजे लहान फाइल ताणून केलेला फुगवटा समजायचा. तपशिलाखाली 'मूळ आकारात' किंवा 'दीडपट' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर पुस्तकावर थोडा जास्त विश्वास ठेवायला हरकत नाही.

भिंगातून आणखी एक दिसतं. चार शाया नीट जुळल्या नसतील तर डोळ्याच्या, ओठांच्या किंवा पांढऱ्या कॉलरच्या कडेला लाल वा निळी किनार येते. दशांश मिलिमीटर सरकलं तरी चार मिलिमीटरच्या डोळ्यात ते बोचतं. ठिपक्यांची नेहमीची फुलासारखी रचना दिसण्याऐवजी अनियमित, अतिबारीक कण दिसले तर ती वेगळ्या पद्धतीची स्क्रीन आहे, आणि लेस, जरी, विणलेलं कापड यांसाठी ती चांगली. नेहमीच्या स्क्रीनमध्ये लेसच्या जाळीवर लाटांसारखी नक्षी उमटण्याचा धोका असतो. तीच लाट साध्या पार्श्वभूमीवरही दिसली तर चित्र दुसऱ्या छापील पुस्तकावरून स्कॅन केलेलं आहे. पुस्तक खाली ठेवा.

काटछाट ओळखायला मोजपट्टी पुरते. चित्राखाली दिलेली उंची भागिले रुंदी करा, मग छापलेल्या चित्राची तीच करा. 'मादाम एक्स'चं उत्तर १.९० यायला हवं, म्हणजे २६ सेंटीमीटर उंचीला १३.७ रुंदी. एडिनबर्गच्या 'लेडी ॲग्न्यू'चं १२७ बाय १०१, म्हणजे सुमारे १.२६. बॉइट मुलींचं चित्र २२१.९ बाय २२२.६, जवळजवळ चौरस. उभ्या पुस्तकात हे चौरस चित्र पूर्ण पान भरून छापलेलं दिसलं तर उजवीकडचा लाल पडदा किंवा डावीकडची मोकळी जमीन कापली आहे हे नक्की. त्या मोकळ्या जागेवरच तर चित्राचा तोल आहे. प्रकरणाच्या सुरुवातीच्या सजावटी पानांवर चित्र उलटंही छापलं जातं. लाल पडदा डावीकडे दिसला तर तसंच झालेलं आहे.

दोन पानांवर पसरलेली चित्रं हा वेगळाच त्रास. घडीत साधारण अर्धा ते एक सेंटीमीटर चित्र गिळलं जातं, आणि ते चेहऱ्यावर आलं तर नाक नाहीसं होतं. शिवाय सोळा पृष्ठांच्या फर्म्यात, म्हणजे एका तावाच्या घड्या घालून केलेल्या गठ्ठ्यात, फक्त मधली दोन पृष्ठं, म्हणजे ८-९, २४-२५ अशी, एकाच सलग कागदावर येतात. बाकी जोडपानांचे दोन भाग तावावर वेगवेगळ्या जागी छापले जातात, म्हणून डाव्या आणि उजव्या अर्ध्याचा रंग जुळत नाही. जाणकार संपादक मोठं आडवं चित्र फर्म्याच्या मधल्या पानांवरच आणतो. सार्जंटचं १९१९ चं 'गॅस्ड' सहा मीटरहून लांब आहे, ते दोन पानांवर छापावंच लागतं. उभ्या व्यक्तिचित्राला मात्र दोन पानांवर आडवं झोपवायचं काहीच कारण नाही.

बांधणी बघायला पुस्तक बंद करून वरून कण्याकडे बघा. घडी घातलेल्या कागदांचे छोटे गठ्ठे दिसले तर फर्मे आहेत. मग फर्म्याच्या मधलं पान उघडून दोरा शोधा. गठ्ठे आहेत पण दोरा नाही, असंही असतं. तिथे घडीला खाचा पाडून गोंद भरलेला असतो. जड आर्ट पेपरला (कोटेड कागदाला) गोंद धरून राहत नाही. कोटिंग गोंदाला आत मुरू देत नाही आणि पुस्तक सपाट उघडायचा दोनचार वेळा प्रयत्न केला की पानं सुटतात. कलापुस्तक शिवलेलंच हवं, यात मी तडजोड करणार नाही.

कागद १५० ते १७० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा), मॅट किंवा रेशमी कोटिंगचा असावा. चकचकीत कागदावर काळा सगळ्यात खोल दिसतो हे खरं, पण दिव्याचं प्रतिबिंब नेमकं त्या काळ्यातच पडतं आणि पुस्तक सतत तिरकं करत बसावं लागतं. कोटिंग नसलेला खरबरीत कागद हल्ली आवडीने वापरतात. हाताला छान लागतो, पण शाई पितो, आणि सार्जंटचे काळे करडे होतात. जलरंगांच्या पुस्तकाला तो शोभतो, तैलरंगातल्या व्यक्तिचित्रांना नाही.

पुस्तक समोर नसेल, फक्त माहिती मिळत असेल, तर वजनावरून कागद काढता येतो. २४ बाय ३० सेंटीमीटरचं एक पान ०.०७२ चौरस मीटर. १५० जीएसएमला त्याचं वजन १०.८ ग्रॅम. २५६ पृष्ठं म्हणजे १२८ पानं, सुमारे १.४ किलो. पुठ्ठ्याचे ३०० ग्रॅम धरले तर पुस्तक १.७ किलोच्या आसपास हवं. विक्रेता १.१ किलो सांगत असेल तर कागद ९० जीएसएमच्या आतबाहेर आहे आणि पाठीमागचं चित्र पुढे झिरपून दिसणार.

हा हिशेब सार्जंटसाठी विशेष करायचा, कारण १९२५ साली तो वारला आणि त्याची चित्रं आता हक्कमुक्त आहेत. संग्रहालयांनी फाइली खुल्या केल्या आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून तसं धोरणच ठेवलं आहे. अभ्यासकांना याचा मोठा फायदा झाला, पण त्याचबरोबर मागणीनुसार एकेक प्रत छापून विकल्या जाणाऱ्या पुस्तकांचं पेव फुटलं. अशा पुस्तकाची ओळख: छायाचित्रांच्या श्रेयाचं पान नाही, चित्राखाली माप नाही की संग्रहालयाचं नाव नाही, शेवटच्या पानावर नुसता बारकोड आणि छपाईची तारीख, मजकूर विश्वकोशातल्या नोंदीसारखा, आणि एकच चित्र दोन नावांनी दोनदा. फाइली मोफत असल्या तरी कोणती फाइल घ्यायची, ती मूळ चित्राशी कशी ताडायची आणि कुठल्या कागदाला कशी जुळवायची, हे काम मोफत होत नाही.

त्याच खुल्या फाइली तुम्हाला तपासणीसाठी वापरता येतात. फाइल फोनवर उघडा, फोनचा आपोआप रंग बदलणारा पर्याय बंद करा, उजेड मध्यम ठेवा, आणि पुस्तक पिवळ्या दिव्याऐवजी खिडकीच्या उजेडात किंवा ५,००० केल्विनच्या दिव्याखाली धरा. पडदा स्वतः उजेड टाकतो, कागद परावर्तित करतो, त्यामुळे एकूण उजळपणा जुळणार नाही. घड्या, कडा आणि रंगांची नाती जुळतात का, तेवढंच बघायचं.

मजकुराची परीक्षा छोटी असते, कारण थोड्या प्रश्नांत लेखक उघडा पडतो. सार्जंट १८५६ साली फ्लॉरेन्समध्ये अमेरिकन आईवडिलांच्या पोटी जन्मला, एवढं कोणीही लिहितं. 'मादाम एक्स'चा उल्लेख वाचा. १८८४ च्या पॅरिस सालोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, ते लागलं तेव्हा गाऊनचा एक बंद खांद्यावरून घसरलेला होता आणि सार्जंटने तो नंतर पुन्हा रंगवून वर घेतला, हे सांगितलं आहे का? त्या वेळचं, बंद घसरलेलं छायाचित्र छापलंय का? लंडनच्या टेटमधली तिचीच अपुरी दुसरी आवृत्ती दाखवलीय का? ही तिन्ही शेजारी ठेवणारा लेखक चित्र समजावून देतो. नुसता गहजब रंगवणारा, 'बदनामीमुळे सार्जंट रातोरात पळाला' असं लिहिणारा लेखक गोष्ट सांगतो. सार्जंट लंडनला स्थायिक झाला १८८६ मध्ये. चित्र मेट्रोपॉलिटनला त्याने स्वतः विकलं, १९१६ साली.

'एका फटक्यात चेहरा रंगवायचा' हे वाक्यही सावधपणे वाचा. फटकारे सहज दिसतात हे खरं, पण मनासारखं डोकं जमलं नाही तर सार्जंट डागडुजी करत बसत नसे, सगळं खरवडून पुन्हा सुरू करायचा. क्ष-किरण तपासणी, अर्धवट चित्रं, आधीची रेखाटनं यांतून हे दाखवणारं प्रकरण असेल तर त्या पुस्तकाला छपाईतले एकदोन गुण कमी असले तरी चालतील.

चित्राखालच्या ओळीत नाव, साल, माध्यम, माप, संग्रह आणि संग्रह क्रमांक हवा. मागे व्यक्तिनामांची सूची हवी; व्यक्तिचित्रकाराच्या पुस्तकात ती नसणं हा सरळ दोष आहे. सगळं एका ठिकाणी ताडून बघायचं असेल तर येल विद्यापीठाने १९९८ ते २०१६ या काळात काढलेली नऊ खंडांची समग्र चित्रसूची आहे. तिचे पहिले तीन खंड व्यक्तिचित्रांचे. ती घरी घ्यायची गोष्ट नाही, ग्रंथालयात बसून बघायची. घरच्या पुस्तकातलं साल किंवा नाव तिच्याशी जुळत नसेल तर बहुधा चूक घरच्या पुस्तकाची.

जुनी प्रत घेताना रंगीत चित्रांची संख्या यादीशी मोजून घ्या, कारण वेगळी छापून चिकटवलेली चित्रं काढून विकली जातात. आर्ट पेपरला ओल लागली की कोटिंग विरघळून पानं एकमेकांना कायमची चिकटतात. ती सोडवायला गेलात तर चित्राची शाई समोरच्या पानावर निघून येते. म्हणून बंद पुस्तकाच्या कडेला लाटा दिसतात का ते आधी बघायचं. प्रकाशनाच्या माहितीच्या पानावरची अंकांची ओळ बघा, तिच्यातला सगळ्यात लहान अंक कितवी छपाई ते सांगतो. पुढच्या छपाया वेगळ्या छापखान्यात झाल्या असतील तर पहिल्या छपाईची कीर्ती त्यांना लागू होत नाही.

कृष्णधवल जुन्या पुस्तकांना मात्र नाक मुरडू नका. सार्जंट हयात असतानाच, १९०३ साली, लंडनमध्ये त्याच्या चित्रांचा फोटोग्रॅव्ह्यूर संच निघाला होता. या पद्धतीत ऑफसेटसारखी ठिपक्यांची जाळी नसते, शाई तांब्याच्या पत्र्यावरच्या कमीअधिक खोल खळग्यांतून कागदावर येते, त्यामुळे काळ्याची खोली ऑफसेटला गाठता येत नाही. रंग नसल्याने उजेड-अंधाराच्या पायऱ्या नुसत्या डोळ्यांनी शिकता येतात. चित्रं काढणाऱ्यांनी अशा एखाद्या संचातलं एक तरी पान जवळ ठेवावं.

कोळशाची डोकी राहिली. १९०७ च्या सुमारास सार्जंटने तैलरंगातली मागणीची व्यक्तिचित्रं जवळपास थांबवली आणि मग शेकडो डोकी कोळशात काढली. ही एकट्या काळ्या शाईत छापली की कोळशाची मऊ धूळ जाऊन पेनाची रेघ येते. काळ्याबरोबर एक किंवा दोन करड्या शाया वापरून छापलेली असतील तर बोटाने चोळलेली सावली आणि पावाच्या तुकड्याने किंवा खोडरबराने उचललेला उजेड वेगळा दिसतो. मूळ कागदाचा रंग आणि कडाही छापलेल्या हव्यात. डोकं कापून पांढऱ्या पानावर तरंगत ठेवलेलं असेल, तर त्या कागदावर सार्जंटने मुद्दाम मोकळी सोडलेली जागा किती होती ते कळायला मार्ग उरत नाही.